सोसू नकोस, सांग

चि. सायली,

सोमवारपासून डोक्यातल्या गाठीसाठी तुझं रेडिएशन सुरू होतंय, हे ताईने फोनवर सांगितलं. इतकी वर्षं मी रेडिओथेरपी विभागात मशीनवर काम केलं, त्यामुळे टेबलावर पडल्यावर नेमकं काय होतं ते तुला सांगू शकतो. औषधपाण्याचा शेवटचा शब्द अर्थात तुझ्या डॉक्टरांचाच.

तुझे ३० सिटिंग आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सहा आठवडे. एकदम सगळा डोस देऊन मोकळं का करत नाहीत, असं तू ताईला विचारलंस म्हणे. एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप) द्यायचे, ते रोज २ ग्रे करून देतात. त्या डोसाने आसपासच्या निरोगी पेशींनाही इजा होते, पण दुसऱ्या दिवसापर्यंत त्या बऱ्याच सावरतात. गाठीच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही. मध्ये खंड पडला तर त्यांनाही सावरायला वेळ मिळतो, म्हणून नागा करू नकोस. ताप आला किंवा दवाखान्यात पोचता येत नसेल तर विभागाला फोन कर, पण आपल्या मनाने सुट्टी घेऊ नकोस.

सकाळी आधी गोळ्या. टेमोझोलोमाइडची, म्हणजे केमोची, कॅप्सूल उपाशीपोटी आणि सहसा सिटिंगच्या तासभर आधी घेतात. उलटीची गोळी त्याच्याही आधी. डेक्सा, म्हणजे सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी, मात्र सकाळी नाश्त्यावर घ्यायची. संध्याकाळी उशिरा घेतलीस तर रात्रभर टक्क जागी राहशील. ती एकाएकी बंद करायची नसते. फिटची गोळी तर एक वेळही चुकवू नकोस. या सगळ्याच्या वेळा वेगवेगळ्या, म्हणून एक वही कर आणि गोळी घेतली की लगेच खूण कर.

आता मास्क. तो बनवला तेव्हा जाळीदार प्लास्टिकचा तक्ता गरम पाण्यात मऊ करून तुझ्या चेहऱ्यावर दाबला, तो काही मिनिटांत कडक झाला. आता रोज तोच मास्क घालून टेबलाला क्लिपांनी पक्का करतील. तो घट्ट असतो, कारण डोकं दोन-चार मिलिमीटर हललं तरी किरणं नको तिथे पडतील. मास्क बनवताना केस जसे होते तसेच रोज ठेव. तू वेणी सोडून झोपली होतीस ना? मग सोमवारी अंबाडा घालून जाऊ नकोस, डोकं वर उचललं जातं. ताईला डोक्याला तेल लावायचा मोह होईल. तेल, बाम, काहीही विचारल्याशिवाय लावायचं नाही.

भिंतीवरच्या लेझरच्या रेषा मास्कवरच्या खुणांशी जुळवून तंत्रज्ञ बाहेर जातील आणि जाड दार बंद होईल. तिथे अनेकांचा धीर सुटतो, पण तू एकटी नसतेस. कॅमेऱ्यातून तू दिसतेस आणि बोललीस तर ऐकूही जातं. घाबरलीस तर हात वर कर, मशीन लगेच थांबवतात. मशीन आधी एक स्कॅन घेऊन जागा तपासेल, मग डोक्याभोवती फिरेल. दुखत नाही, भाजत नाही. काहींना मिटल्या डोळ्यांपुढे निळसर प्रकाश दिसतो, काहींना विचित्र वास येतो. त्याला घाबरायचं काही नाही. खुद्द किरणं काही मिनिटांचीच, बाकीचा वेळ जुळवाजुळवीचा. बाहेर आल्यावर अंगात किरणं उरत नाहीत. शेजारच्या काकूंनी बाळाला जवळ घेऊ नको म्हटलं तर ऐकू नकोस, खुशाल घे.

माझं खरं सांगणं पुढे आहे. आपल्या घरातल्या बायकांना सोसायची सवय आहे. तुझ्या आजीने दुखणं अंगावर काढलं, ताईही तेच करते. तू करू नकोस. डेक्साने चेहरा सुजला की मास्क रुतायला लागतो, आणि पेशंट 'चालेल' म्हणून गप्प पडून राहतात. चालत नाही! त्याच दिवशी तंत्रज्ञाला सांग. लागलं तर नवा मास्क करतात. सकाळी डोकं फार दुखून उलटी झाली, फिट आली, हातापायातली ताकद कमी वाटली, ताप आला, अंगावर निळे डाग दिसले, तर पुढच्या ओपीडीची वाट बघू नकोस. दर आठवड्याची रक्ततपासणी टाळू नकोस, कारण कॅप्सूलने प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरू शकतात.

दोन-तीन आठवड्यांनी केस गळतील, पण किरणं जातात तेवढ्याच भागातले. बहुतेक परत येतात. जिथे डोस जास्त लागला तिथे विरळच राहू शकतात. हे आत्ताच सांगतो, म्हणजे उशीवर झुपका दिसल्यावर धक्का बसणार नाही. थकवा हळूहळू चढेल आणि शेवटच्या सिटिंगनंतरही काही आठवडे राहील. दुपारी झोप, संध्याकाळी थोडं चाल. तुला स्वयंपाकघरात कुणी बोलावणार नाही, मी ताईशी बोललोय. फिट येऊ शकते, म्हणून स्कूटीला हात लावू नकोस, आणि लोकलने आलीस तर दाराशी उभी राहू नकोस.

सगळं संपल्यावर साधारण महिन्याने एमआरआय होईल. त्यात कधी कधी किरणांमुळे आलेली सूजच गाठ वाढल्यासारखी दिसते. रिपोर्ट हातात पडला की मोबाइलवर अर्थ शोधत बसू नकोस. डॉक्टर जुने-नवे फोटो शेजारी ठेवून बघतील.

सोमवारी केसपेपर, गोळ्यांची वही आणि पाण्याची बाटली घेऊन निघ. हे पत्र ताईला वाचून दाखव, विशेषतः तेलाचं. रात्री फोन कर, आणि मास्क कुठे टोचला का ते खरं सांग.

तुझा,
मामा