'लाइन' : एका परभाषीय शब्दाचे मराठी सहप्रयोग (चकलांबा परिसरातील बोलीच्या आधारे)

१. प्रास्ताविक

पदवीवर्गाच्या निबंधाच्या वह्या तपासताना काही वर्षांपूर्वी एक वाक्य समोर आले : 'रात्रीची लाइन असल्यामुळे वडील शेतात होते.' प्रस्तुत लेखकाने 'लाइन' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात 'रात्रीचा वीजपुरवठा' असे लिहिले. वही परत घेताना विद्यार्थ्याने विचारले, "सर, वीजपुरवठा म्हटलं की घरातल्या दिव्यांचं वाटतं. मग वडील शेतात कशाला गेले, ते कसं कळणार?" या प्रश्नाला त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

येथे घेतलेली उदाहरणे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा व आसपासच्या बोलण्यातील आहेत. त्यांतील बहुतेक प्रयोग महाराष्ट्रात अन्यत्रही आढळतात. तथापि एकाच परिसरातील प्रयोग एकत्र पाहिले असता त्यांच्यामागील व्यवस्था अधिक स्पष्ट होते.

२. विचाराची चौकट

एखादा शब्द ज्या शब्दांच्या संगतीत नेहमी वावरतो, त्या संगतीला येथे 'सहप्रयोग' असे म्हटले आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून निश्चित करावा, हा विचार आधुनिक भाषाविज्ञानात जे. आर. फर्थ (१८९०–१९६०) यांनी आग्रहाने मांडला. आपल्या परंपरेला मात्र तो अपरिचित नाही. अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरविणाऱ्या घटकांत भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त साहचर्याचा निर्देश केला आहे. शाब्दबोधाच्या चर्चेतील आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या संकल्पनाही शब्दांच्या परस्परसंबंधाशीच निगडित आहेत. परभाषेतून आलेल्या शब्दांचा विचार करताना आपण ही दृष्टी सहसा वापरीत नाही. शब्द कोठून आला एवढे सांगून थांबतो. तो येथे आल्यावर कोणाच्या संगतीला बसला, हा प्रश्न राहून जातो.

३. लिंग व विभक्तिरूपे

'लाइन' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे. इंग्रजी नामाला व्याकरणिक लिंग नसल्यामुळे ते मराठीनेच दिले, हे उघड आहे. रांग, ओळ, रेघ, वाट आणि वीज या ज्या शब्दांच्या अर्थक्षेत्रात 'लाइन' शिरली, ते सर्व शब्द स्त्रीलिंगी आहेत. रूपे चालविताना बोलीने त्यांपैकी 'ओळ' हा नमुना निवडला. 'ओळ–ओळी–ओळीत' याप्रमाणे 'लाइन–लाइनी–लाइनीत' अशी रूपे होतात. 'रांग–रांगा–रांगेत' याप्रमाणे 'लाइना, लाइनेत' अशी रूपे या परिसरात ऐकू येत नाहीत. म्हणजे उसन्या शब्दाची रूपेदेखील स्वैर नाहीत.

४. क्रियापदांशी सहप्रयोग

खरी समृद्धी क्रियापदांच्या संगतीत दिसते. पुढील गट पाहावेत.

(अ) लागणे–लावणे : 'टँकरपुढे हंड्यांची लाइन लागली', 'पोरांना लाइनीत उभं केलं', 'मास्तरांनी लाइन लावली'. येथे 'लाइन' ही 'रांग' या शब्दाच्या जागी बसली आहे.

(आ) मारणे–ओढणे : 'वहीत लाइन मारली' किंवा 'लाइन ओढली'. येथे ती 'रेघ' आहे. मात्र व्यक्तिवाचक नामाला 'वर' लागून 'तिच्यावर लाइन मारतो' असा प्रयोग झाला की अर्थ पालटतो. क्रियापद तेच, नामही तेच, अर्थभेद एका शब्दयोगी अव्ययाने केला. 'डोळा मारणे', 'शिट्टी मारणे' हे प्रयोग भाषेत होतेच. नव्या शब्दाने त्यांच्या शेजारी जागा घेतली.

(इ) लाइनीला लागणे, लाइनीवर येणे, लाइन धरणे, लाइन बदलणे : 'थोरला लाइनीला लागला' म्हणजे त्याचे बस्तान बसले. 'मार्गाला लागणे', 'वाटेवर येणे', 'वाट धरणे' या वाक्प्रचारांचा साचा येथे जसाच्या तसा आहे. 'लाइन लागली' आणि 'लाइनीला लागला' यांत क्रियापद एकच आहे, फरक केवळ विभक्तीचा.

(ई) टाकणे : 'विहिरीपासून वावरापर्यंत लाइन टाकली.' येथे 'पासून–पर्यंत' या जोडीमुळे नळवाट सूचित होते.

(उ) जाणे, येणे, सोडणे : 'लाइन गेली', 'लाइन आली', 'वायरमननं लाइन सोडली'. हा गट सर्वांत लक्षणीय आहे, कारण विजेच्या येण्याजाण्याविषयी असा वाक्यप्रयोग इंग्रजीत रूढ नाही. क्रियापदे पाण्याच्या व्यवहारातील आहेत. नळाला पाणी येते, जाते; पाटाला पाणी सोडतात. विजेची कल्पना या बोलीने पाण्यावरून केली, असे म्हणता येईल. 'वीज' हा शब्द उपलब्ध असताना असे का व्हावे? 'वीज' आधीच पडणे, चमकणे, कडाडणे या क्रियापदांशी बांधली गेली होती, हे एक कारण असावे. 'वीज पडली' म्हणजे आकाशातली, 'लाइन पडली' म्हणजे खांबावरची तार. 'लाईट' या शब्दाशी तुलनाही उद्बोधक आहे. 'लाईट गेली' आणि 'लाइन गेली' हे प्रयोग अगदी जवळचे आहेत. परंतु 'लाईट लाव' म्हणजे दिवा लाव, तर 'लाइन लाव' म्हणजे रांग लाव.

सहप्रयोगाला परिस्थितीचीही साथ लागते. परळीला रेल्वे फार पूर्वीपासून होती. अहिल्यानगरकडून येणारी गाडी आष्टीपर्यंत २०२२ मध्ये आणि बीड शहरापर्यंत सप्टेंबर २०२५ मध्ये पोहोचली. रूळ दृष्टिपथातही नव्हते, अशा गावी 'लाइन आली' या वाक्याला वर्षानुवर्षे एकच अर्थ होता. आता बीडमध्ये त्याच वाक्याला दुसरा अर्थही शक्य झाला आहे.

५. षष्ठीचा सहप्रयोग : 'रात्रीची लाइन'

आता मूळ वाक्याकडे वळू. शेतीपंपांना थ्री फेज वीज ठरावीक तासच, आणि आळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री देण्याची पद्धत राज्यात दीर्घकाळ रूढ आहे. त्यातून 'दिवसाची लाइन' आणि 'रात्रीची लाइन' ही जोडी निर्माण झाली. येथे 'लाइन' म्हणजे तार नव्हे आणि केवळ वीजही नव्हे. ती पाळी आहे. 'या आठवड्यात रात्रीची लाइन हाय' या वाक्यात थंडीतले दारे धरणे, बॅटरी, काठी, विंचूकाट्याचे भय आणि घरी जागी असलेली माणसे हे सारे अध्याहृत असते. 'रात्रीचा वीजपुरवठा' या शब्दांत देणाऱ्याची बाजू आहे. 'रात्रीची लाइन' या शब्दांत घेणाऱ्याची. तांबड्या शाईने शब्द शुद्ध झाला आणि वडील शेतातून नाहीसे झाले.

६. घडविलेल्या शब्दाचे एकाकीपण

याच्या उलट उदाहरण 'वाहिनी' या शब्दाचे आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबविली जात आहे. 'वाहिनी' हा शब्द डौलदार आहे, स्त्रीलिंगी आहे, अर्थदृष्ट्या निर्दोषही आहे. परंतु 'वाहिनी गेली', 'वाहिनी आली', 'रात्रीची वाहिनी' असे कोणी म्हणत नाही. कार्यालयाने शब्द दिला, सोबती दिले नाहीत. ते देणे कार्यालयाच्या हातीही नसते. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांनी या मर्यादेचा विचार करणे अगत्याचे आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, 'लाइन' हे अक्षररूप इंग्रजीचे असले तरी तिचे लिंग, तिची रूपे, तिची क्रियापदे आणि पर्यायाने तिचे अर्थ मराठीने घडविले आहेत. तेव्हा परभाषीय शब्द दिसताच तो खोडण्यापूर्वी अध्यापकाने दोन प्रश्न विचारावेत : हा शब्द येथे कोणत्या शब्दांच्या संगतीत आला आहे? आणि त्याच्या जागी सुचविलेला शब्द तीच संगत सांभाळू शकतो काय? 'बस स्टँडवर लाइन होती' येथे 'रांग' हा शब्द खुशाल सुचवावा. काही हरवत नाही. 'रात्रीची लाइन' येथे मात्र लेखणी थांबली पाहिजे.

दिवसा वीज सर्वत्र पोहोचली तर 'रात्रीची लाइन' हा प्रयोग कदाचित भाषेतून जाईल, आणि त्याचे कोणालाही दुःख होऊ नये. तोवर, आणि त्यानंतरही, तो कोशात नोंदला गेला पाहिजे. केवळ 'लाइन' या शब्दाखाली नव्हे, तर त्याच्या सोबत्यांसह. त्या विद्यार्थ्याच्या वहीतील तांबडी रेघ आता पुसता येत नाही. पुढच्या वह्यांवर ती ओढण्यापूर्वी विचार करता येतो.