डायलिसिसवरील माणसाचे ताट

मूत्रपिंडे निकामी झाली की पूर्वी माणसाचा शेवट ठरलेलाच असे. १९४३ साली नेदरलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी रक्त शुद्ध करणारे यंत्र बनवले. १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिन्यांना जोडून ठेवता येणारी नळी वापरात आणली आणि हा उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवणे शक्य झाले. आपल्या देशात २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना तो मोफत मिळतो. पण यंत्राने जगवलेला माणूस जगतो कसा, हा प्रश्न उरतोच. त्याचे बरेचसे उत्तर त्याच्या ताटात असते.

हा विषय मला सुचला तो माझ्या मामांमुळे. मूत्रपिंडाचा विकार कळला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना डाळ, अंडी कमी करायला सांगितले होते. ते योग्यच होते. प्रथिनांच्या पचनातून युरिया तयार होतो व तो बाहेर टाकण्याचे काम दुबळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पुढे डायलिसिस सुरू झाले, तरी घरात पथ्य तेच राहिले. मामी त्यांना वरणाचे वरचे पाणीच वाढीत.

येथेच आमची चूक झाली. डायलिसिस सुरू झाले की हा नियम उलटतो. यंत्र युरिया काढते, पण त्याबरोबर प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लेही वाहून जातात. म्हणून अशा रुग्णाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. मामांचे दंड वाळत होते, पण वजनाचा काटा हलत नव्हता. कारण मांस झडत होते आणि त्याची जागा अंगात साठलेले पाणी घेत होते. पाणी काढल्यानंतर उरणारे 'कोरडे वजन' आहारतज्ज्ञ बाईंनी मांडून दाखवले, तेव्हा आम्हांला उमगले.

याचा अर्थ सर्व काही खावे असा नव्हे. अंड्यातील पांढरा भाग, मासे, बेताची डाळ चालते. लोणचे-पापडाने तहान वाढते आणि पाणी तर मोजून प्यायचे असते. केळी व शहाळ्याचे पाणी यांत पोटॅशियम फार; ते रक्तात वाढले तर हृदय बंद पडू शकते. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडावा व ते पाणी ओतून द्यावे. बाजारातील कमी सोडियमच्या मिठातही बहुधा पोटॅशियमच असते. अर्थात प्रत्येकाचे प्रमाण त्याचे रक्त तपासूनच ठरते.

कुपोषित रुग्णाला थकवा अधिक येतो, तो वरचेवर आजारी पडतो, कामधंदा सुटतो. उलट थकवा आणि उदासीनता यांनी अन्नावरची वासना उडते. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला बांधलेल्या माणसाला घरीही वेगळे बसवून नुसते 'हे नको, ते नको' ऐकवले, तर त्याला घास गोड कसा लागेल?

आता मामी सकाळी दोन अंड्यांचा पांढरा भाग काढून देतात आणि मामा आमच्याच पंगतीला बसतात. परवा ते स्वतः चालत एस. टी. स्टँडपर्यंत आले. पथ्य सांगताना काय टाळावे याबरोबरच काय खावे, हेही रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगितले पाहिजे, एवढेच मला म्हणायचे आहे.