घूं आवाजाचे मूळ: होम थिएटरमधील दोष आणि दुरुस्तीचा व्यवहार

होम थिएटरच्या आवाजात बिघाड झाला की सर्वांत महाग वस्तूवर प्रथम संशय घेतला जातो, आणि दुरुस्ती करणाऱ्याचे उत्पन्न सुट्या भागांच्या विक्रीवर अवलंबून असेल तर त्या संशयाचे तपासणीविनाच निदान होऊन बसते. वस्तुतः सेटटॉप बॉक्स किंवा टीव्हीसारखा स्रोत, त्याचा संकेत वाहून नेणारी केबल, त्या संकेताची उकल करून तो निरनिराळ्या स्पीकरांकडे पाठवणारा रिसीव्हर, स्पीकरच्या तारा, खुद्द स्पीकर आणि शेवटी ऐकण्याची खोली अशा सहा टप्प्यांतून आवाज श्रोत्यापर्यंत पोहोचतो, आणि यांपैकी कोणत्याही टप्प्यावरचा दोष ऐकू मात्र स्पीकरमधूनच येतो. म्हणून एकेक टप्पा क्रमाने सुटा करून आवाजात काय फरक पडतो हे पाहिल्याशिवाय कोणतेही यंत्र उघडू देऊ नये, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ते पुस्तकी नसून त्यामागे प्रस्तुत लेखकाने विनाकारण भरलेले एक बिल आहे.

५.१ या रचनेत समोर डावा, मधला व उजवा आणि श्रोत्याच्या बाजूंना किंचित मागे दोन सराउंड असे पाच स्पीकर असतात, तर '.१' म्हणजे सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जाच्या परिणामांसाठी राखलेला स्वतंत्र मार्ग होय. हा खर्ज वाजवणाऱ्या सबवूफरमध्ये बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे त्याला विजेची वेगळी जोडणी लागते आणि रिसीव्हरकडून त्याला आरसीए केबलने संकेत मिळतो. या केबलमध्ये मधोमध एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी एवढेच असते. संकेताची परतीची वाट आणि बाहेरच्या विद्युत गोंगाटापासूनचे कवच अशी दोन्ही कामे ती जाळीच करते. परिणामी त्या जाळीतून एखादा आगंतुक प्रवाह वाहू लागला की तो संकेतात मिसळतो आणि सबवूफर त्यालाच खर्ज समजून मोठा करतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरी सबवूफरमधून घूं असा सलग, खालच्या पट्टीतला आवाज येऊ लागला, जो चित्रपट थांबवला तरी थांबत नसे. सर्व्हिस सेंटरचा टेक्निशियन आला, त्याने सबवूफरवर हात ठेवून पाहिला आणि आतला ॲम्प्लिफायर बोर्ड गेल्याचे सांगितले. आरसीए केबल काढून पाहण्यास क्षणभरही लागला नसता. केबल काढल्यावर घूं थांबला असता तर बोर्ड निर्दोष ठरला असता आणि केबल काढूनही तो चालू राहिला असता तर बोर्डावरचा संशय रास्त ठरला असता. ही साधी चाचणी त्याने केली नाही, ती करावी अशी विनंती केल्यावर 'रोज हीच कामं करतो आम्ही' असे उत्तर दिले आणि फोनवरचे संभाषण चालू ठेवूनच तो सबवूफरचे स्क्रू काढू लागला. बोर्ड बदलला गेला, त्याची पूर्ण किंमत वसूल झाली, आणि सबवूफर जागेवर जोडताच घूं आवाज पूर्वीइतकाच ऐकू आला.

त्यानंतर जे घडले ते अधिक आक्षेपार्ह होते. टेक्निशियनने पिशवीतून दोन पिनांचा अडॅप्टर काढला, रिसीव्हरचा तीन पिनांचा प्लग त्यात बसवून अर्थिंग तोडले, आवाज कमी झाल्याचे दाखवले आणि जॉबशीटवर 'काम पूर्ण, ग्राहक समाधानी' असे लिहिले. अर्थिंग तोडल्याने घूं कमी होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो घूं बोर्डातून येत नाही हेही ठाऊक असलेच पाहिजे. अज्ञानातून झालेली चूक समजून घेता येते. परंतु बोर्डाचे पैसे घेतल्यानंतर पिशवीतून निघालेला तो अडॅप्टर अज्ञानाचा पुरावा नव्हता. शिवाय अर्थिंगची पिन ही जीवरक्षणाची सोय आहे: यंत्रातील जिवंत तार सुटून धातूच्या पेटीला टेकली तर प्रवाहाला जमिनीकडे वाट मिळून फ्यूज किंवा ब्रेकर तुटावा यासाठी ती असते, आणि ती काढल्यास त्या पेटीला स्पर्श करणारा माणूसच प्रवाहाची वाट बनू शकतो. घरात लहान मुले असताना हा उपाय सुचवणाऱ्या केंद्राकडे पुढे लेखी तक्रार केली असता, काढलेला बोर्ड तपासणीत सदोष आढळल्याचे उत्तर आले. तो जुना बोर्ड केंद्राने स्वतःकडेच ठेवला असल्याने या विधानाची शहानिशा करण्याचा कोणताही मार्ग उरला नाही.

खरे कारण उघड झाले ते केबल टीव्हीच्या कामामुळे. अडॅप्टर काढून टाकल्याने घूं पुन्हा पूर्ववत झालेला होता, आणि चित्र तुटत असल्याच्या वेगळ्याच तक्रारीसाठी आलेल्या केबलवाल्याने सेटटॉप बॉक्सच्या मागचा गोल कनेक्टर फिरवून सोडवला, त्याच क्षणी खोलीतला घूं थांबला. त्याला कनेक्टर पुन्हा जवळ आणण्यास सांगितले असता, कनेक्टरची बाहेरची धातूची कडी बॉक्सच्या आट्यांना नुसती टेकताच, मधली तांब्याची तार आत जाण्यापूर्वीच, आवाज परत आला. कडी दूर केली की शांतता, टेकवली की घूं. चित्राचा संकेत मधल्या तारेतून येतो आणि जाळी बाहेरच्या कडीला जोडलेली असते, हे लक्षात घेतल्यास दोष संकेतात नसून जाळीच्या वाटेने येत आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे सिद्ध होणे शक्य नव्हते.

या प्रकाराला ग्राउंड लूप म्हणतात. केबल टीव्हीच्या तारेची जाळी इमारतीत दुसऱ्या कोठल्या तरी ठिकाणी जमिनीशी जोडलेली असते, तर रिसीव्हर घरातील सॉकेटच्या अर्थिंगशी. या दोन ठिकाणच्या विद्युत पातळ्या तंतोतंत सारख्या नसतात, आणि सेटटॉप बॉक्स व एचडीएमआय केबलमधून त्या जोडल्या गेल्या की एक बंद वळसा तयार होऊन त्यातून सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने हा प्रवाह ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींतील, विशेषतः १०० हर्ट्झच्या, आवाजाच्या रूपाने ऐकू येतो.

घूं आवाज येत असल्यास पुढील क्रम पाळावा. प्रथम रिसीव्हर व सबवूफर बंद करून सबवूफरची आरसीए केबल सबवूफरच्या टोकाकडून काढावी, मग तो चालू करून ऐकावे. आवाज तरीही येत असेल तरच सबवूफरवर संशय घ्यावा. तो थांबला तर केबल पूर्ववत जोडून टीव्ही केबल, लॅनची तार, संगणक आणि गेम कन्सोल यांची जोडणी एकेक करून काढावी, एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर ऐकावे, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्यास गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. दोषी जोडणी सापडल्यावर सर्व यंत्रांना एकाच सॉकेटवरील चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डातून वीज द्यावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर केबल टीव्हीच्या तारेवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवावा, जो चित्राचा संकेत पुढे जाऊ देतो पण जाळीतील प्रवाह अडवतो. डिश अँटेनाच्या तारेवर मात्र सामान्य आयसोलेटर चालत नाही, कारण डिशवरील एलएनबी या भागाला लागणारी वीज त्याच तारेतून वर जात असते. तेथे तारेची जाळी घरात शिरण्यापूर्वी घराच्याच अर्थिंगशी जोडून घेणे हा योग्य मार्ग आहे आणि ते काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. आरसीए केबलवर बसवायचे ट्रान्सफॉर्मर पद्धतीचे आयसोलेटरही मिळतात, परंतु त्यांतील स्वस्त नमुने सर्वांत खालचा खर्ज खाऊन टाकतात.

इतर तक्रारींतही यंत्र उघडण्याची वेळ क्वचितच येते. मागचे स्पीकर मुळीच वाजत नसतील तर प्रथम रिसीव्हरच्या पडद्यावर कोणता संकेत येत असल्याचे दिसते ते वाचावे. तेथे पीसीएम व दोन चॅनल असा उल्लेख असेल तर टीव्हीनेच आवाज स्टिरिओ करून पाठवला आहे, आणि टीव्हीच्या ध्वनी-मेनूत पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम किंवा ऑटो निवडल्यास प्रश्न बहुधा सुटतो. टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे उलट पाठवणारी एआरसी ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली आणि ती ५.१ आवाज डॉल्बी डिजिटलसारख्या संकुचित रूपातच वाहू शकते. डॉल्बी ट्रूएचडीसारख्या हानिरहित संकेतांसाठी २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलेली ईएआरसी दोन्ही यंत्रांत असावी लागते.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि धमाके कानठळ्या बसवणारे वाटत असतील तर चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात हे लक्षात ठेवून त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी आणि नाइट मोड चालू करावा, जो मोठ्या व लहान आवाजांतील अंतर कमी करतो. खर्ज पोकळ आणि गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा वाटणे हे एखाद्या स्पीकरच्या लाल व काळ्या तारा उलट जोडल्याचे लक्षण आहे, कारण तेव्हा एका स्पीकरचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खोडतो. ज्याच्या आत स्वतःचा ॲम्प्लिफायर नाही असा स्पीकर रिसीव्हरपासून पूर्ण सुटा करून, त्याच्या लाल टोकाला १.५ व्होल्ट सेलचे धन टोक व काळ्याला ऋण टोक क्षणभर टेकवावे. वूफरचा पडदा बाहेर उसळला तर स्पीकरची आतली जोडणी बरोबर आहे आणि चूक तारेत शोधावी.

चालू केल्यावर रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडत असेल तर बोर्ड जळाल्याचे निदान ऐकण्याआधी प्रत्येक स्पीकर टर्मिनल टॉर्चने पाहावे, कारण गुंडाळताना सुटलेला तांब्याचा एक केसाएवढा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी हा प्रकार होतो. किनारपट्टीवरील दमट हवेत तांबे हिरवट पडून संपर्क बिघडतो. तेथे तारेचे टोक कापून नवे सोलावे. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर रिसीव्हरमधील लिप-सिंक विलंब बदलावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला तो जाणवू लागतो. उरतो तो खोलीचा दोष: व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेची सरकती खिडकी आणि उघड्या भिंती असलेल्या हॉलमध्ये कोणताही संच कर्कश वाटतो, आणि तेथे जाड पडदे व सतरंजी यांचा उपयोग नव्या स्पीकरपेक्षा अधिक होतो. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज लांबीच्या टोकांच्या भिंतींपाशी घुमतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून सबवूफर काही काळ बसण्याच्या जागी ठेवून भिंतीच्या कडेने फिरावे आणि खर्ज जेथे सारखा ऐकू येईल तेथे तो कायमचा ठेवावा.

तारा नीट बांधाव्यात, धूळ साचू देऊ नये, बिल व वॉरंटी कार्ड जपावे, या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. ज्या गोष्टी कोणी सांगत नाही त्या अशा: सुटा भाग बदलण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, ज्या चाचणीवरून भाग सदोष ठरला तिचा उल्लेख जॉबशीटवर करवून घ्यावा, पैसे देऊन बदललेला जुना भाग परत मागावा, आणि दोष कायम असताना 'समाधानी' या शब्दाखाली सही करू नये, सही करावीच लागली तर तिच्याखाली दोष कायम असल्याचे स्वतःच्या अक्षरात लिहावे. केंद्र दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष सेवेविरुद्ध आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तेथे कागद बोलतो, आणि 'ग्राहक समाधानी' अशा शेऱ्याखालची सही ग्राहकाच्याच विरुद्ध वापरली जाते.

ग्राहकाला विद्युतशास्त्र येत नाही या गृहीतकावर दुरुस्तीचा हा व्यवहार चालतो, म्हणून ते गृहीतक दारातच खोटे ठरवावे. टेक्निशियनने पिशवी उघडण्यापूर्वी आपल्यासमोर केबल काढून ऐकवावी आणि जे ऐकू आले ते जॉबशीटवर लिहावे, एवढी एकच अट घालावी. जे केंद्र ती नाकारेल त्याच्या हाती स्क्रू ड्रायव्हर देऊ नये.