औषध ‘तसेच’ दिसते, पण तेच आहे का?

भौतिक आणि रासायनिक बदल हा धडा आपण सर्वांनी शाळेत गिरवला आहे. बर्फ वितळला तर भौतिक, लोखंड गंजले तर रासायनिक. जो बदल उलट फिरवता येतो तो भौतिक, जो फिरवता येत नाही तो रासायनिक. परीक्षेपुरते हे सूत्र ठीक आहे. परंतु वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या ग्वाल्हेरात दवाखाना चालवताना ते मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. “डॉक्टरसाहेब, औषध दिसायला तर तसेच आहे, चालेल ना?” या प्रश्नाचे उत्तर त्या सूत्रात सापडत नाही.

खरी कसोटी एवढीच, की नवा पदार्थ तयार झाला का? रेणूंमधील बंध तुटून नवे जुळले तर बदल रासायनिक. रेणू तेच राहून त्यांची अवस्था किंवा मांडणी बदलली तर भौतिक. बदल उलटतो की नाही, हा प्रश्न निराळा. याचा पुरावा आपल्या रक्तातच आहे. हिमोग्लोबिन फुप्फुसात प्राणवायूशी संयोग पावते आणि ऊतींपाशी तो सोडून देते. हा संयोग रासायनिक आहे, त्याने रक्ताचा रंगही पालटतो, आणि तरी तो जन्मभर क्षणोक्षणी उलटत असतो. मोडलेल्या हाडावरचे प्लास्टर पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. त्या वेळी रुग्णाला जाणवणारी ऊब ही त्या रासायनिक क्रियेचीच. हेच जिप्सम पुन्हा भाजले तर पाणी सोडून पूर्ववत भुकटी होते.

आता औषधांकडे वळू. अ‍ॅस्पिरिनची बाटली उघडताच व्हिनेगरसारखा वास आला, तर हवेतील ओलाव्याने अ‍ॅस्पिरिनचे विघटन होऊन सॅलिसिलिक व अ‍ॅसिटिक आम्ल तयार झाले असे समजावे. गोळी पांढरी आणि अखंड दिसू शकते. परंतु प्लेटलेट्सना गुठळी करण्यापासून रोखणारा अ‍ॅसिटिल गट तिच्यातून निघून जाऊ लागला आहे. हृदयविकाराच्या रुग्णाने अशा गोळीवर विसंबणे धोक्याचे आहे. येथे निदान नाक तरी साक्ष देते.

अधिक फसवे उदाहरण लशींचे. पेंटाव्हॅलंट, टी.डी. किंवा हिपॅटायटिस-बी या लशींत अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात आणि प्रतिजन त्यांना चिकटलेले असते. लस गोठली की ते कण एकमेकांना बिलगून गुठळ्या होतात. बर्फ वितळतो, बाटली पुन्हा द्रवरूप होते, पण गुठळ्या सुटत नाहीत. बदल भौतिक, तरीही कायमचा! म्हणून संशय आल्यास ‘शेक टेस्ट’ करतात: मुद्दाम गोठवून वितळवलेली त्याच लशीची बाटली व संशयित बाटली एकत्र हलवून ठेवायच्या आणि साका कोणत्या वेगाने खाली बसतो ते पाहायचे. दोन्हींत सारख्याच वेगाने बसला, तर संशयित बाटली टाकून द्यावी. उलट, तोंडावाटे द्यावयाची पोलिओ लस गोठवूनच साठवतात. तिचा शत्रू उष्णता. १९९६ पासून तिच्या बाटलीवर येऊ लागलेल्या चौकोनी खुणेतील रंगद्रव्य उष्णतेने रासायनिक रीत्या बदलते व गडद होते. तो बदल उलटत नाही, म्हणूनच ती साक्षीदार म्हणून विश्वासू. मात्र गोठण्याविषयी ही खूण काहीच सांगत नाही.

आपल्या मंडळींच्या घरोघरी मात्र खरा प्रश्न इन्सुलिनचा आहे. जास्त गार म्हणजे जास्त सुरक्षित या समजुतीने कुपी फ्रीजरमध्ये जाते, किंवा उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहते. इन्सुलिन हे प्रथिन. त्याची साखळी विशिष्ट घडीत दुमडलेली असते. उष्णतेने वा सतत हिंदकळण्याने घड्या उलगडतात आणि अनेक रेणू एकमेकांत गुंतून तंतू तयार होतात. यात एकही नवा पदार्थ निर्माण होत नसेल, तरी साखर उतरत नाही. दुधी रंगाचे इन्सुलिन मुळातच गढूळ असते, त्यामुळे तेथे गढूळपणा हे बिघाडाचे लक्षण नव्हे. हलक्या हाताने घोळवूनही न मोडणाऱ्या गाठी किंवा काचेला चिकटलेले कण हे लक्षण. स्वच्छ प्रकारचे इन्सुलिन गढूळ झाले, तर ते वापरूच नये. शिवाय गोठून वितळलेले इन्सुलिन दिसायला कितीही निर्दोष असले, तरी ते टाकून द्यावे.

न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात असावी, फ्रीजरलगत नव्हे. वापरातील कुपी बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. वीज जाणाऱ्या घरांत मी मातीच्या माठाचा उपाय सुचवतो: कुपी कोरड्या डब्यात घालून डबा माठात ठेवावा. माठाच्या अंगातून झिरपणारे पाणी बाष्प होताना उष्णता शोषून घेते. हाही भौतिक बदलच, पण या वेळी आपल्या बाजूचा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला उपयोगी पडतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ फारसा गार होत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये.