आधार कोठे आहे?

मुलांनो, मराठी विकिपीडिया हा १ मे २००३ रोजी सुरू झालेला, सर्वांनी मिळून लिहावयाचा ज्ञानकोश आहे. तेथे कोणासही लिहिता येते. परंतु लिहिलेले टिकेलच, असे नाही.

समजा, नाशिकच्या एका मुलाने आजीकडून ऐकलेली हकीकत तेथे लिहिली : 'पांडवलेणी पांडवांनी कोरली.' दुसऱ्याच दिवशी कोणा अनोळखी संपादकाने ते वाक्य खोडले व दोनच शब्द लिहिले : 'संदर्भ नाही.' मुलगा हिरमुसला. 'मी नाशिकचा, मला ठाऊक नाही काय?' असे त्यास वाटणे साहजिक आहे.

परंतु लेण्यांतील शिलालेख निराळेच सांगतात. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिने तिसरे लेणे बौद्ध भिक्षूंना दान दिले, असे तेथे कोरलेले आहे. मुलाने ग्रंथाचा आधार देऊन हे लिहावे. आजीची हकीकतही 'लोकसमजूत' म्हणून साधार नोंदवावी.

मात्र संपादकानेही दोन शब्दांऐवजी दोन वाक्ये लिहावयास हवी होती. चूक खोडणे सोपे असते. नवख्यास वाट दाखविणे हेच खरे ज्ञानदान होय.