परदेशी गोडवा, शंभर ग्रॅमला कितीला?

परदेशातून परतणाऱ्याच्या बॅगेत चॉकलेटांचा कोपरा ठरलेला असतो. ऑफिससाठी एक मोठी पिशवी, सोसायटीतल्या पोरांसाठी दुसरी, सासरी-माहेरी द्यायला दोन बरे डबे. यावर किती गेले ते विमानतळावर कार्ड पुढे करताना जाणवत नाही, स्टेटमेंट हातात पडल्यावर जाणवतं. हल्ली तर परदेशी जायचीही गरज उरलेली नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या गाळ्यांपासून दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपपर्यंत सगळीकडे तुर्की, जपानी, स्विस माल दिसतो. तेव्हा कुठली वस्तू कितीला पडते, कुठली घेण्यासारखी आणि कुठली नुसती चकचकीत कागदाची, याचा हिशोब एकदा मांडून ठेवलेला बरा.

पहिली सवय लावून घ्यायची ती भाव 100 ग्रॅमवर काढण्याची. डबा केवढा दिसतो याला काही अर्थ नाही. टोब्लेरोनचं उदाहरण प्रसिद्धच आहे. 2016 मध्ये ब्रिटनमध्ये 400 ग्रॅमची पट्टी 360 ग्रॅमची झाली आणि 170 ची 150 ची. त्रिकोणांमधल्या खाचा रुंद केल्या, खोकं मात्र होतं तेवढंच ठेवलं. पत्र्याच्या सुंदर डब्यातल्या टॉफ्या, विमानाच्या आकाराच्या खोक्यातली चॉकलेटं, चांदीच्या कागदातली नाणी यांतही आपण पैसे बहुतेक डब्याचे आणि आतल्या हवेचे मोजतो. निव्वळ वजन बघा, मोबाइलवर भागाकार करा आणि मगच टोपलीत टाका.

दुसरा प्रश्न विचारायचा तो असा, की ही वस्तू आपल्याकडे बनते का? किंडर जॉय आणि टिकटॅक बारामतीच्या फेरेरोच्या कारखान्यात तयार होतात, स्निकर्स पुणे जिल्ह्यातल्या खेडला, आणि किटकॅट गोव्यात फोंड्याला. हीच नावं दुबईहून किलोकिलोनं उचलून आणायची म्हणजे बॅगेची जागा आणि पैसे दोन्ही वाया. दूध, साखर, कोको यांचं प्रमाण देशोदेशी थोडं बदलतं हे खरं, पण ऑफिसात पाकीट फुटल्यावर तो फरक कुणी चाखत बसत नाही. अपवाद जपानी किटकॅटचा. माचा, साकुरा, रताळं अशा तीनशेहून जास्त चवी तिथे आजवर निघाल्या आहेत आणि त्या खरोखर तिकडच्याच.

आता सगळ्यांना हवं असलेलं दुबई चॉकलेट. मूळ वडी फिक्स नावाच्या कंपनीची. सारा हमूदा यांनी 2021 मध्ये ती सुरू केली आणि 2023 च्या डिसेंबरमधल्या एका व्हिडिओनंतर तिचा जगभर बोभाटा झाला. आत पिस्त्याची क्रीम, ताहिनी आणि कुरकुरीत भाजलेल्या, शेवयांहून बारीक तारांची कुनाफा. जवळपास 200 ग्रॅमच्या वडीला 70 दिरहॅमच्या आसपास पडतात. दिरहॅम 25 रुपये धरला तर वडी साडेसतराशेची, म्हणजे 100 ग्रॅमला पावणेनऊशे. आपल्याकडचं चांगलं देशी डार्क चॉकलेट 100 ग्रॅमला शंभर-दीडशेत येतं. मधल्या फरकात पिस्ता किती आणि नाव किती, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या खिशाला विचारावा. पिस्ताही महागलाच आहे. 2025 च्या वसंतात त्याच्या गराचा भाव वर्षभरात पाउंडाला साडेसात डॉलरवरून दहाच्या वर गेला होता. कोकोने तर 2024 च्या डिसेंबरमध्ये टनाला 12,000 डॉलरचा आकडा ओलांडला. नंतर तो पुष्कळ उतरला, पण छापील किमती चढतात तितक्या वेगाने उतरत नाहीत, हे किराणा भरणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

खरी गंमत नकलांची. ‘दुबई’ हे नाव आता चवीचं झालंय, गावाचं राहिलेलं नाही. तुर्कस्तानात बनलेल्या वड्या त्या नावाने विकण्यावरून जर्मनीत कोलोनच्या न्यायालयांत खटलेही चालले. त्यामुळे पुढची बाजू वाचून काही कळत नाही, पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर, पामतेल, मग कुठेतरी खाली पिस्ता आणि शेवटी हिरवा रंग, अशी रांग दिसली की समजायचं. पिस्त्याची टक्केवारी छापलेली असेल तर दोन पाकिटं तेवढ्यावरच तोलावीत. ‘कोको बटर’च्या जागी नुसती वनस्पती चरबी असेल तर ते चॉकलेट नव्हे, ज्याला धंद्यात कंपाउंड म्हणतात तो प्रकार, त्याला चॉकलेटचा भाव देऊ नये. घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर स्वस्त नकलांपासून लांबच राहावं. त्यांच्या वेष्टनावर सगळे घटक लिहिलेले असतीलच असं नाही, असा इशारा ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने 2025 मध्ये दिला होता.

दुबईत खरेदी करणार असाल तर माल विमानतळाऐवजी शहरातल्या सुपरमार्केटमधून घ्या, बहुतेक वेळा स्वस्त पडतो. पर्यटकांना मूल्यवर्धित कर परत मिळतो, पण तो किती हे आधी बघा. किमान खरेदी 250 दिरहॅमची लागते. त्यातला पाच टक्के कर साधारण 12 दिरहॅम, त्याचे साधारण 85 टक्के मिळणार आणि वर प्रत्येक पावतीमागे 4.80 दिरहॅम कापले जाणार. हातात येतात पाच-सव्वापाच दिरहॅम, म्हणजे सव्वाशे-एकशे तीस रुपये. त्यासाठी विमानतळावर रांगेत उभं राहायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं. स्वित्झर्लंडमध्ये तर हा विचारच सोडा. तिथे खाद्यपदार्थांवरचा कर 2.6 टक्के आणि परताव्यासाठी एका बिलावर किमान 300 फ्रँकची खरेदी हवी. ब्रिटनने पर्यटकांचा परतावा 2021 पासून बंद केलाय. धावपळ करण्यासारखा देश जपान. खाण्यावरचा आठ टक्के कर 5,000 येनच्या खरेदीपासून वाचतो. आतापर्यंत दुकानातच पासपोर्ट दाखवून सूट मिळायची. 1 नोव्हेंबर 2026 पासून आधी पूर्ण पैसे भरून परतावा निघताना घ्यायचा, अशी पद्धत येते आहे. म्हणजे विमानतळावर वेळ हाताशी ठेवायला हवा.

आणखी एक गळती कार्डाच्या यंत्रावर होते. पैसे देताना पडद्यावर दोन पर्याय येतात: रुपयांत देणार की तिथल्या चलनात? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून बोट तिकडे जातं आणि दुकानाच्या बँकेने लावलेला चढा दर माथी बसतो. तिथलं चलनच निवडा. आपल्या बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा असतोच, बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी.

स्वित्झर्लंडला गेलात तर मिग्रो किंवा कूप या साध्या किराणा साखळ्यांत शिरा. तिथली 100 ग्रॅमची वडी साधारण दोन-तीन फ्रँकला असते आणि चवीला नावं ठेवायला जागा नसते. काचेआड हाताने फोडून वजनावर विकतात ती मोठ्या दुकानांतली चॉकलेटं तिपटी-चौपटीने महाग. एक पुडी स्वतःच्या जिभेसाठी घ्यावी, वाटायला नव्हे. ऑस्ट्रियात झाल्झबुर्गला मोझार्टकुगेलच्या सोनेरी-लाल पिरॅमिडांनी दुकानं भरलेली दिसतील. पण 1890 मध्ये ती गोळी करणाऱ्या फ्यूर्स्टच्या दुकानातली गोळी निळ्या-चंदेरी कागदात असते, आजही हाताने बनते आणि गावातल्या त्यांच्या मोजक्या दुकानांत मिळते. महाग आहे, पण ती घ्यावी. यंत्रावरची कुठेही मिळते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना एकच सांगणं, चॉकलेटं 1 नोव्हेंबरला घ्या. हॅलोविन 31 ऑक्टोबरला संपला की दुसऱ्या दिवशी तोच माल निम्म्या भावात निघतो. ईस्टर आणि व्हॅलेंटाइननंतरही तसंच. फक्त तारीख बघून घ्यायची. तिथे फळीवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो आणि काही राज्यांत त्याची तऱ्हा न्यारी आहे. ज्यात मैदा आहे ती कँडी नव्हे, असा नियम. त्यामुळे ट्विक्स करातून सुटतं आणि नुसत्या चॉकलेटला कर लागतो. हर्शीजची आंबूस चव आपल्या जिभेला सहसा रुचत नाही, एवढं लक्षात ठेवून मोठी पिशवी उचला. उत्तर युरोपातल्या काळ्या खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचंही तेच. त्यात नवसागर असतो. गंमत म्हणून शंभर ग्रॅम पुरे.

इस्तंबूलचं लोकुम मात्र खास मराठी घरांसाठी शिफारस करावं असं आहे. साखर, स्टार्च, पाणी, थोडा आंबटपणा आणि सुकामेवा. जिलेटिनचं काम नाही, त्यामुळे आजीलाही बिनधास्त देता येतं. हाजी बेकिरचं दुकान 1777 पासून आहे. मिसर बाजारात दारातच तुकडा हातावर ठेवतात. खा, पण भाव विचारा किलोचा, आणि मागच्या गल्ल्यांत शिरून तोच माल पुन्हा विचारा. लिराची घसरण अशी आहे की गेल्या वर्षी गेलेल्या मित्राने सांगितलेला भाव आज कामाचा नाही. तुकडा बोटाने दाबला तर परत वर यायला हवा. कडेने कडक झालेला शिळा. वजन करताना रिकाम्या खोक्याचं वजन वजा करायला सांगा आणि निर्वात पाकीट मागा. मलईचं लोकुम तिथेच खाऊन संपवावं, ते टिकत नाही. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये नको, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत पाझरतं.

शाकाहारी घरांनी जिलेटिनकडे डोळ्यांत तेल घालून बघावं. लवचिक अस्वलांच्या गोळ्या, मार्शमेलो आणि चिवट फळगोळ्यांत ते सर्रास असतं. जर्मनीतल्या हारिबोत ते डुकराचं, तुर्कस्तानातल्या कारखान्यात गोवंशाचं. आखातातून आणलेल्या पाकिटावर हलाल लिहिलंय म्हणून ते शाकाहारी ठरत नाही; ही गल्लत फार घरांत होते. पेक्टिन लिहिलं असेल तर ते फळातलं. ई 120 म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग आणि ई 904 म्हणजे लाखेची चकाकी. चॉकलेटच्या गोळ्यांत मद्य भरलेलंही असतं, तेव्हा मुलांच्या हातात पाकीट देण्याआधी घटकांत अल्कोहोल शोधा.

इथेच विकत घेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. आयात चॉकलेटवर साधारण 30 टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्या रकमेवर दहा टक्के अधिभार, म्हणजे शंभराचे 133. त्यावर पाच टक्के जीएसटी, एकूण 140 च्या घरात. चॉकलेटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून पाचवर आलाय, आणि करारांमुळे स्विस मालावरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे. वर आयातदार, वितरक, दुकानदार आहेतच. त्यामुळे तिथली 300 ची वस्तू इथे साडेपाचशे-सहाशेला दिसली तर दुकानदाराला लुटारू म्हणू नये. नऊशेला दिसली तर खुशाल पुढच्या गाळ्याकडे वळावं.

पाकिटाच्या पाठीवर एक पांढरं स्टिकर असायलाच हवं. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, अन्न परवाना क्रमांक, मूळ देश, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि हिरवा गोल किंवा तपकिरी त्रिकोण. स्टिकर नसेल तर माल कुणाच्या तरी बॅगेतून आलेला, आणि बिघडला तर दाद मागायला माणूस नाही. स्टिकर मूळ तारखेवरच चिकटवलेलं असेल तर नखाने कोपरा उचलून बघायला लाजू नका. अमेरिकी तारखेत महिना आधी असतो, जपानीत वर्ष. 03/04 म्हणजे अमेरिकेत 4 मार्च. चॉकलेटवर पांढुरकी साय दिसली तर ती बुरशी असेलच असं नाही. उन्हाने वितळून पुन्हा घट्ट झालं की चरबी वर येते. खायला चालतं, पण पूर्ण भाव द्यायला चालत नाही.

चीनची व्हाइट रॅबिट ही दुधाची गोळी काही दुकानांत दिसते. दूध किंवा दुधाचे घटक असलेली चिनी मिठाई आणि चॉकलेटं भारतात आणायला 2008 पासून बंदी आहे, तेव्हा ती परत ठेवावी. भावाने परदेशातून कुरिअरने पाठवलेल्या चॉकलेटांवरही शुल्क लागतं. भेटवस्तूंची माफी 2019 च्या डिसेंबरमध्ये गेली; राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी उरली. बॅगेतून आणलेलं तुमच्या शुल्कमुक्त मर्यादेत बसतं, पण त्याच मर्यादेत नवं घड्याळही मोजलं जातं. चॉकलेटच्या लेपाची बाटली हातातल्या पिशवीत ठेवू नका. 100 मिलिलिटरच्या वर असेल तर ती सुरक्षा तपासणीतच राहते.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तारीख खोडलेली निघाली, बिल द्यायला नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तक्रार मराठीतही नोंदवता येते. पाकीट, स्टिकरचा फोटो आणि बिल मात्र जपून ठेवा.