कार्ड भरायच्या आधी

चि. सोनूस,


कळमनुरी तालुक्यात उपकेंद्रावर रुजू झालीस, ऊर भरून आला. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मनातून जाईना: ‘इथल्या बाया पीत नाहीत, म्हणून दारूचं मी विचारतच नाही.’ बाळा, मीही कित्येक वर्षं असंच धरून चालले होते.

मग दवाखान्यात एक लेकरू आलं. दूध ओढताना घामानं डोकं भिजायचं, दोन घोटांत दमायचं, वजन वाढेना. इको केला तर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. नंतर आईनं हळूच सांगितलं, ऊसतोडीच्या फडावर अंग मोडून यायचं, थंडीत मालकासोबत तीही घ्यायची. दिवस गेल्याचं दोन महिने कळलंच नव्हतं. आणि मी सासूदेखत बोलून गेले, ‘मग हे तुझ्यामुळंच!’ ती पुन्हा दवाखान्यात आली नाही. ते वाक्य मला आजही टोचतं.

कारण ते खरं ठरवताच येत नव्हतं. असं छिद्र रुबेलानं, आटोक्यात नसलेल्या साखरेनं, फिटच्या काही गोळ्यांनी, नात्यातल्या लग्नानंही पडतं. कितीदा कारण सापडतच नाही. दारूनं धोका वाढतो, एवढं मात्र पक्कं. 1973 साली अमेरिकेत जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी खूप पिणाऱ्या आयांच्या लेकरांचं वर्णन केलं, तेव्हा चेहरा आणि खुंटलेली वाढ यांच्यासोबत काहींच्या हृदयातही दोष दिसले होते. दारू वारेतून थेट बाळात उतरते, आणि ती पचवायला त्याचं लिव्हर तयार नसतं.

आता दिवस मोज. गर्भ राहिल्यापासून बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय हलू लागतं, आठव्या आठवड्याअखेर चार कप्पे बनलेले असतात. आपण बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी झाली की खूश होतो. तोवर हृदय घडून गेलेलं असतं. म्हणून हे बोलणं नव्या सुनेशी, नोंदणीचं कार्ड भरायच्या आधी. उशिरा कळलं तरी ‘आजपासून सोड’ म्हणायचंच, मेंदू नऊही महिने घडत असतो. मोहाची, देशी, विलायती, थोडी म्हणून चालते अशी एकही नाही. पाळीच्या तक्रारीवरच्या आसव-अरिष्टांतही आंबून मद्यार्क तयार होतो, त्याचंही विचार.

विचारताना सासू-नवरा बाहेर. ‘पितेस का?’ म्हणू नकोस. ‘अंग दुखल्यावर काय घेतेस?’ म्हण, आणि उत्तर ऐकून भुवई उचलू नकोस.

बाळंतपणानंतर आशाताईच्या बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीला जमेल तेव्हा तूही जा. कारण हृदयातल्या मोठ्या छिद्राचा आवाजसुद्धा पहिल्या दिवसांत लपतो. फुप्फुसांतला दाब उतरला की कळतो. घाम, धाप, निळे ओठ दिसले तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना लगेच कळव. ऑपरेशनचा खर्च त्यातून होतो, हे घरच्यांना आधी सांग. पैशाच्या धास्तीनं लोक लेकरू घरीच ठेवतात.

दसरा जवळ आलाय. वस्त्यांवरच्या नव्या सुनांना या पंधरवड्यात भेटून घे. एकदा ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या की या सुना उन्हाळ्यातच दिसतील.

तुझी,
आत्या